शेकेल, बेका, किक्कार: बायबलमधली वजनं ग्रॅम-किलोत नक्की कशी आणायची?

नगरची_सुवार्ता

नमस्कार मंडळी. आमच्या चर्चमधे तरुणांचा बायबल अभ्यास मी घेते, सध्या १ शमुवेल चालू आहे. १७ व्या अध्यायात, दावीदाने मारलेल्या धिप्पाड गल्याथाचं पितळी चिलखत ५,००० शेकेल वजनाचं आणि भाल्याचं पातं ६०० शेकेल लोखंडाचं असं दिलंय. मुलांनी लगेच विचारलं की म्हणजे किती किलो. शोधलं तर एका वेबसाइटवर चिलखत ५७ किलो, दुसरीकडे ७० किलो, आणि घरी एक जुना कोश आहे त्यातल्या तक्त्याने गुणलं तर ८० च्या वर जातंय. एवढा फरक कसा काय?

मला गेरा, बेका, शेकेल, माने, किक्कार असा लहान मापापासून मोठ्यापर्यंत पूर्ण तक्ता करून वर्गात लावायचाय. खात्रीचा एकच आकडा कुणाकडे आहे का? आणि तो कशावरून काढला तेही सांगा, कारण ही मुलं "कशावरून" विचारल्याशिवाय सोडत नाहीत आणि मला ते आवडतं.

वाचनवेडा

बायबलमागे दिलेल्या तक्त्यात शेकेल म्हणजे साधारण ११ ग्रॅम असं वाचल्याचं आठवतंय. तोच धरा ना, सगळे तोच धरतात.

दगडधोंडे

ताई, सगळ्या बायबलला चालेल असा एकच आकडा नाहीये, पण तुमच्या कामाला येईल असा एक भक्कम आकडा आहे: ११.३३ ग्रॅम. कशावरून ते जरा सविस्तर लिहितो, पुरातत्त्व हा माझा अभ्यासाचा विषय आहे त्यामुळे लांबेल.

इ.स.पू. ८ व्या-७ व्या शतकातल्या यहूदाच्या राज्यातली खरीखुरी वजनं जमिनीतून निघाली आहेत. यरुशलेम, लाखीश, अराद, अशा बऱ्याच ठिकाणी, शेकड्यांनी. राझ क्लेटर या इस्रायली अभ्यासकाने ही सगळी वजनं एकत्र करून १९९८ मधे त्यावर पुस्तक काढलं. फुटकी, टवके उडालेली वजनं बाजूला ठेवून चांगल्या अवस्थेतल्या वजनांची सरासरी काढली की एक शेकेल ११.३३ ग्रॅमच्या आसपास येतो. म्हणजे हा आकडा कुठल्या ग्रंथातून किंवा परंपरेतून आलेला नाही, काट्यावर दगड ठेवून आलेला आहे.

हे वजन दिसतं कसं तर चुनखडीचा घासून गुळगुळीत केलेला घुमट, बूड सपाट म्हणजे पारड्यात गडगडू नये. एक शेकेलचं वजन साधारण सुपारीएवढं. डोक्यावर एक खूण कोरलेली असते, दोन टोकं उघडी असलेला दोरीचा फास काढावा तशी. ती चांदीच्या पुरचुंडीची खूण असावी असं काही जण म्हणतात, कारण तेव्हा नाणी नव्हतीच, चांदीचे तुकडे फडक्यात बांधून ठेवायचे आणि लागेल तेव्हा तोलून द्यायचे. खुणेच्या शेजारी आकडा. १ आणि २ शेकेलला नुसत्या रेघा. २०२० मधे यरुशलेमच्या मंदिराच्या टेकडीच्या पश्चिम भिंतीजवळ एक वजन सापडल्याची बातमी आली होती, त्याच्यावर खूण आणि दोन रेघा, वजन २३ ग्रॅम. भागिले दोन करा, साडेअकरा.

आता गंमत मोठ्या वजनांवर आहे. तिथले आकडे इजिप्तच्या हिएरॅटिक लिपीतले आहेत, आणि जे वजन ४ शेकेल भरतं त्याच्यावर ५ लिहिलंय, जे ८ शेकेल भरतं त्याच्यावर १०. सुरुवातीला यामुळे अभ्यासकांमधे बराच गोंधळ झाला. पण ८ शेकेल म्हणजे ९०.६ ग्रॅम, आणि इजिप्तचा देबेन हा साधारण ९१ ग्रॅमचा, त्याचे १० केदेत. म्हणजे तेच वजन इकडे ८ शेकेल आणि तिकडे १० केदेत म्हणून चालायचं. दोन देशांचा व्यापार एकाच दगडावर, यहूदाच्या बाजारात बसलेल्या माणसाला इजिप्तचा व्यापारी आला तरी दुसरी वजनं काढायची गरज नाही. मला स्वतःला हा पुरावा फार आवडतो कारण शेकेलचा आकडा इथे दुसऱ्या एका बाजूने पडताळून मिळतो.

तर गल्याथाचं चिलखत ५,००० गुणिले ११.३३, ५६.६५ किलो. पातं ६.८ किलो. तुमची पहिली वेबसाइट यावर चाललीये.

नगरची_सुवार्ता

दादा किती छान समजावलंत. पण मग ७० आणि ८० कुठून आले? ते लोक काय मनाने तर लिहीत नसतील.

सराफकट्टा

मी सोन्याचांदीच्या धंद्यातला, बायबल फारसं वाचलेलं नाही पण वजनांचा प्रश्न दिसला म्हणून थांबलो. ११.३३ बघून चमकलोच. आपला जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा. कंपनी सरकारने १८३३ मधे १८० ग्रेनचा ठरवला तो. १२ मासे म्हणजे तोळा, ८ गुंजा म्हणजे मासा, तोळ्याच्या ९६ गुंजा. त्या हिशेबाने तुमचा शेकेल म्हणजे ९३ गुंजांच्या जवळपास. संबंध काही नसणार दोघांचा, पण मराठी माणसाला अंदाज यायला "तोळ्याला जरा कमी" एवढं सांगितलं तरी पुरे.

आणि ताई तुमच्या प्रश्नाचं उत्तरही तोळ्यातच आहे. आज कुठल्याही पेढीत जा, तोळा म्हणजे १० ग्रॅम. पण आजीच्या वहीत "पाटल्या १० तोळे" लिहिलं असेल तर ते ११६ ग्रॅम. शब्द तोच, वजन दुसरं. पन्नास-साठ वर्षांत आपल्या डोळ्यांदेखत बदललं. मग शेकडो वर्षांच्या गोष्टी सांगणाऱ्या पुस्तकात शेकेल एकच राहिला असेल असं कसं धरायचं? गिऱ्हाईक वही घेऊन येतं तेव्हा मी पहिलं विचारतो वही कोणत्या सालातली. तुम्हीही तेच विचारा, वचन कोणत्या काळातलं.

दगडधोंडे

काका, याच्याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. नेमकं तेच आहे.

७० आणि ८० कुठून येतात ते सांगतो. यहूदाची वजनं हाताशी नव्हती तेव्हा जुन्या अभ्यासकांकडे दोनच आधार होते, नाणी आणि बाबेल-अश्शूरची वजनं. नाणी म्हणजे सोर (आजच्या लेबनॉनमधलं) शहराची चांदीची नाणी, इ.स.पू. १२६-१२५ पासून पाडली जायची, वजन १४ ग्रॅमच्या आसपास. येशूच्या काळात मंदिराच्या पट्टीला म्हणजे कराला हीच चालायची. १४ ने गुणलं की चिलखत ७० किलो. योसेफस हा पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार तर एक शेकेल म्हणजे अथेन्सचे चार द्राख्मा असं लिहून ठेवतो, अथेन्सचा जुना द्राख्मा ४.३ ग्रॅम धरला तर शेकेल १७ च्या वर जातो आणि चिलखत ८६ किलो.

दुसरा आधार मेसोपोटेमिया. तिथे ६० शेकेलचा माने, ६० मान्यांचा तालंत (म्हणजे किक्कार), शेकेल साधारण ८.४ ग्रॅम आणि माने अर्ध्या किलोचा. पण हलकं आणि जड अशी दोन मापं होती, जड बरोब्बर दुप्पट. अश्शूरच्या निमरूद शहरात लेयार्ड या इंग्रज संशोधकाने १८४० च्या दशकात ब्राँझचे सिंह खणून काढले, आता ब्रिटिश म्युझियममधे आहेत, त्यांच्यावर लेख कोरलेत आणि त्यात ही दोन्ही मापं दिसतात. जड शेकेल १६.८ धरला की गल्याथाचं चिलखत ८४ किलो. तुमच्या कोशातला ८० च्या पुढचा आकडा या दोनपैकी एका वाटेने आलाय.

तेव्हा मनाने कुणीच लिहिलेलं नाहीये. फक्त दुसऱ्या देशाची किंवा कित्येक शतकं नंतरची वजनं दावीदाच्या गोष्टीला लावली आहेत.

गणितमास्तर

तक्त्याची चौकट मी देतो, कारण ती थेट वचनांतून निघते, ग्रॅमची गरजच नाही.

निर्गम ३८:२५-२६ काढा, पवित्रस्थानासाठी चांदी गोळा केली त्याचा हिशेब आहे. ६,०३,५५० पुरुष, दर माणशी एक बेका म्हणजे अर्धा शेकेल. गुणाकार ३,०१,७७५ शेकेल. आणि वचन म्हणतं एकूण चांदी १०० किक्कार आणि १,७७५ शेकेल. ३,०१,७७५ वजा १,७७५ बरोबर ३,००,०००, भागिले १००, एक किक्कार = ३,००० शेकेल. कोणीतरी कोश लिहिणाऱ्याने सांगायची वाट बघायला नको, बेरीज-वजाबाकी करणाऱ्याला उत्तर तिथेच आहे. वर्गातल्या मुलांकडून हे फळ्यावर करून घ्या, त्यांना फार मजा येईल.

पुढची वचनंही बघा, त्या १०० किक्कारांच्या पवित्रस्थानासाठी १०० बैठका ओतल्या, एकेका बैठकीला एक किक्कार. ११.३३ ने एक बैठक ३४ किलोची. एकूण चांदी ३,४१९ किलो, साडेतीन टनाला थोडी कमी. सोनं २९ किक्कार ७३० शेकेल दिलंय, ते ९९४ किलो.

मान्याचं मात्र भांडण आहे. किक्कारचे ६० माने धरले तर ३,००० भागिले ६०, माने ५० शेकेलचा, ५६६ ग्रॅम. पण यहेज्केल ४५:१२ मधे २० शेकेल, २५ शेकेल आणि १५ शेकेल मिळून तुमचा माने असं म्हटलंय, बेरीज ६०, म्हणजे ६८० ग्रॅम. ग्रीक भाषांतराच्या एका हस्तलिखितात तिथे ५० आहे. यहेज्केल बाबेलात बंदिवासात बसून लिहीत होता आणि तिकडे ६० चाच माने चालायचा, त्यामुळे मला ६० खटकत नाही. तक्त्यात दोन्ही लिहा.

सत्यवचनी

सर्वांचा आदर ठेवून एक विचारतो. निर्गम ३०:१३ मधे स्पष्ट आहे, एक शेकेल म्हणजे २० गेरा. मग मी एका ठिकाणी वाचलं की संशोधक शेकेलचे २४ गेरा म्हणतात. वचनात २० असताना २४ आणायचे कशाला? तक्त्यात २० च पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

दगडधोंडे

तक्त्यात २० लिहायला माझी काहीच हरकत नाही, वचनात तेच आहे. २४ का म्हणतात तेवढं सांगतो. यहूदाची अगदी बारकी वजनं आहेत ती गेरात मोजलेली आहेत, २, ३, ४ असे आकडे त्यांच्यावर आहेत. ती तोलून एका गेराचं वजन काढलं तर ०.४७ ग्रॅमच्या आसपास येतं, ०.५७ नाही. ११.३३ भागिले ०.४७, चोवीस. म्हणजे बाजारात २४ चा हिशेब होता असं दिसतं.

आता निर्गम काय म्हणतं बघा, "पवित्रस्थानाच्या शेकेलाप्रमाणे", आणि मग लगेच शेकेल २० गेरांचा. लेवीय आणि गणना मधेही हे परत परत सांगितलंय. सगळीकडे एकच हिशेब असता तर दरवेळी असं बजावून सांगायची गरज पडली नसती. तेव्हा पवित्रस्थानाचा २० आणि बाजाराचा २४ हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, वचन खोटं पडत नाही.

दावीदाचा मुलगा अबशालोम, त्याच्या केसांचं वजन २ शमुवेल १४:२६ मधे २०० शेकेल दिलंय, आणि तिथे "राजाच्या वजनाप्रमाणे" असं म्हटलंय, म्हणजे तिसरंच माप. ११.३३ ने २.२७ किलो होतं. राजाचं माप किती ग्रॅमचं ते कुठल्याच दगडावर लिहिलेलं सापडलेलं नाही, म्हणून तिथे मी तक्त्यात आकडा पातळ अक्षरात लिहीन.

सत्यवचनी

हे पटलं. "पवित्रस्थानाच्या शेकेलाप्रमाणे" हे इतक्यांदा वाचलंय पण असा विचार केला नव्हता. धन्यवाद.

अश्दोदकर

शालोम आणि नमस्कार सगळ्यांना. आम्ही बेने इस्राएल म्हणजे मराठी ज्यू, आमचे आजोबा अलिबागकडचे, आता अश्दोदला असतो, घरात अजून मराठी चालते. हा धागा बहिणीने पाठवला.

आमच्यात हा हिशेब आजही लागतो म्हणून लिहितो. पहिला मुलगा झाला की ३० दिवसांनंतर पिद्यॉन हबेन करतात, पाच शेकेल चांदी कोहेनला म्हणजे याजकाला देऊन मुलगा सोडवायचा. गणना १८:१६. आता पाच शेकेल म्हणजे किती चांदी? ११.३३ ने केलं तर ५७ ग्रॅम. पण प्रत्यक्षात शंभर ग्रॅमच्या आसपास शुद्ध चांदी देतात, काही मतांप्रमाणे शंभरच्या थोडी खाली, काहींप्रमाणे चांगलीच वर. इस्राएल सरकारने १९७० च्या दशकात त्यासाठी खास चांदीची नाणीसुद्धा काढली होती.

हा फरक का, तर रब्बींचा म्हणजे आमच्या धर्मगुरूंचा हिशेब वेगळ्या वाटेने जातो. रामबाम म्हणजे मैमोनिदेस, १२०४ मधे वारले, त्यांनी लिहिलंय की तोराहचा म्हणजे मोशेच्या पुस्तकांतला शेकेल ३२० जवाच्या दाण्यांचा, पण दुसऱ्या मंदिराच्या काळात ज्ञानी लोकांनी तो वाढवून सेला नाण्याच्या बरोबर केला, ३८४ दाण्यांचा. मग पुढच्या पिढ्यांनी दाणे तोलून ग्रॅम काढले, आणि जव तर प्रत्येक देशाचं वेगळं भरतं, शिवाय खात्री म्हणून सगळे वरच्या बाजूला जातात, देणं कमी पडलं तर विधी पूर्ण होणार नाही ना. म्हणून शंभर.

गणितमास्तर

थांबा, हे फार महत्त्वाचं आहे. ३८४ भागिले ३२०, १.२. सोरचं नाणं १४ ग्रॅम. १४ भागिले १.२ म्हणजे ११.६७! रामबामांना यहूदाचे दगड ठाऊक असणं शक्यच नाही, ते जमिनीत गाडलेले होते, तरी त्यांनी सांगितलेल्या प्रमाणाने नाण्यावरून मागे गेलं की आपण ११.३३ च्या शेजारी येऊन पोचतो. परंपरेत प्रमाण टिकलं असं दिसतंय.

अश्दोदकर

हो, आमच्या सिनेगॉगमधे एका शिक्षकांनी हेच मांडलं होतं, पण विधीला मात्र शंभरचाच हिशेब धरतात. दोन्ही आपापल्या जागी.

सराफकट्टा

दगडधोंडे, मला एक सांगा. दगडाचं वजन कितपत नेमकं असायचं? आमच्याकडे पितळी वजनं होती तेव्हा वजनमापवाले येऊन तपासून शिक्का मारून जायचे, तरी जुनी वजनं झिजायची, आणि काटा मारणारे मारायचेच.

दगडधोंडे

काका मोठी वजनं आश्चर्य वाटेल इतकी नेमकी आहेत, ठरलेल्या वजनापासून एखाद्या टक्क्याच्या आतबाहेर. लहान वजनात टक्केवारी वाढते, अर्ध्या ग्रॅमच्या दगडाला जरासा घासला तरी फरक पडतो. काहींच्या बुडाला छिन्नीने खरवडल्याच्या खुणा आहेत, म्हणजे आधी थोडं जड ठेवून मग काढत काढत बरोबर आणलं.

बेका, पीम, नेसेफ अशी नावं कोरलेली वजनंही आहेत. बेका अर्धा शेकेल, म्हणजे ५.६७ यायला पाहिजे, पण सापडलेले दगड ६ च्या आसपास भरतात. पीम दोन तृतीयांश, ७.५५ ऐवजी ७.८. नेसेफ साडेनऊ-पावणेदहा ग्रॅम, आणि तो शेकेलचा भाग होता की शेजारच्या देशाचं वेगळंच माप यावर अजून एकमत नाही. २०१८ मधे जाहीर झालेल्या एका बेकावर अक्षरं उलटी कोरलीत, आरशात दिसतील तशी. कोरणारा बहुधा मोहरा करणारा कारागीर असावा, मोहरेवर उलटंच कोरायची सवय.

ताई, पीम तुमच्याच पुस्तकात आहे, १ शमुवेल १३:२१. इस्राएली लोकांना फाळ, कुदळी पाजवायला पलिष्ट्यांकडे जावं लागायचं. ही वजनं सापडेपर्यंत त्या वचनाचा अर्थ कुणालाच लागत नव्हता. आता कळलं की ती धार लावायची मजुरी आहे, एक पीम, म्हणजे जवळजवळ ८ ग्रॅम चांदी. गरीब शेतकऱ्याला फाळाला धार लावायला एवढी चांदी! पलिष्टी लोक कसे नाडत होते ते या एका आकड्यातून दिसतं.

आणि काका, काटा मारणारे तिकडेही होते. यरुशलेमच्या दावीदनगरात एक बारका दगड सापडला, त्यावर २ गेराची खूण, म्हणजे ०.९४ ग्रॅम हवा, तो भरतो ३.६१ ग्रॅम. जवळजवळ चौपट. अशा वजनाने कोण काय विकत घेत होता देव जाणे.

सराफकट्टा

घेताना वापरायचं वजन ते. समोरच्याची चांदी मोजून घ्यायची तर जड दगड टाकायचा पारड्यात. देताना दुसरा.

नगरची_सुवार्ता

काका, अनुवाद २५:१३ मधे हेच आहे! "आपल्या थैलीत लहान व मोठी अशी दोन प्रकारची वजनं ठेवू नको." आणि आमोस ८:५ मधे एफा म्हणजे धान्याचं माप लहान आणि शेकेल मोठा करून खोट्या तराजूने फसवणारे. मी आजपर्यंत हे "प्रामाणिक रहा" एवढंच शिकवत आले, पण तो चौपट दगड कुणाच्या तरी थैलीत खरंच होता हे कळल्यावर वचन वाचताना अंगावर काटा आला. कुणाची तरी शेतातली कमाई त्या दगडाने खाल्ली असणार.

आता राहिलेल्या वचनांचं सांगा. अब्राहामाने मकपेलाची गुहा ४०० शेकेलला घेतली, रिबकेची नथ बेकाची आणि हातातली कांकणं १० शेकेलची, शलमोनाचं ६६६ किक्कार सोनं. यांना पण ११.३३ लावू का?

दगडधोंडे

अब्राहामाला डोळे झाकून लावू नका. ११.३३ चे दगड इ.स.पू. ८ व्या-७ व्या शतकातले, अब्राहामाची गोष्ट त्याच्या कितीतरी आधीच्या काळाची. त्या भागात तेव्हा मेसोपोटेमियाचा ८.४ चालायचा, उत्तर सीरियात युगारीटला ९.४ च्या आसपासचा शेकेल होता. उत्पत्ति २३:१६ मधे "व्यापाऱ्यांमधे चालणारी" चांदी असं म्हटलंय, म्हणजे गुहा विकणाऱ्या एफ्रोनाने त्यावेळी बाजारात चालतं ते माप घेतलं. म्हणून ४०० शेकेल म्हणजे ३.४ ते ४.५ किलो असा पल्ला लिहा. रिबकेची नथ ४ ते ६ ग्रॅम, कांकणं ८४ ते ११३ ग्रॅम.

शलमोनाचं सोनं ३४ किलोच्या किक्कारने २२.६ टन. बाबेलच्या हलक्या ३० किलोच्या तालंताने २० टन आणि जड ६० ने ४० टन, म्हणून इंटरनेटवर ते इतकं वर-खाली होतं. मी २०-२३ टन लिहीन. सोनं प्रत्यक्षात तेवढं होतं का हा वेगळा वाद आहे, इथे नको.

पण ताई, खरं सांगू का, ११.३३ सगळ्यात बिनधोक लागू होतं ते यिर्मया ३२ ला. यरुशलेमला बाबेलचा वेढा पडलेला, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि तशात तो चुलतभावाकडून अनाथोथचं शेत विकत घेतो. १७ शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, खरेदीखतावर सही, मोहर, साक्षीदार, सगळं यथासांग. ती वजनं म्हणजे हीच वजनं, हाच काळ, हेच शहर. १७ गुणिले ११.३३, १९२.६ ग्रॅम. मधे कुठेही अंदाज बांधावा लागत नाही. वर्गात एकच वचन मोजून दाखवायचं असेल तर हे दाखवा.

नगरची_सुवार्ता

आणि ते शेत तर वेढ्यामुळे बाबेलच्या सैन्याच्या ताब्यात! तरी पूर्ण वजनाची चांदी मोजून दिली.

गणितमास्तर

एक शिक्षक म्हणून विनंती, दशांश जपून वापरा. ५,००० शेकेल हा मुळात गोळाबेरीज आकडा आहे, त्याला ११.३३ ने गुणून ५६.६५ किलो लिहिलं तर मुलांना वाटेल गल्याथाचं चिलखत कुणीतरी डिजिटल काट्यावर ठेवलं होतं. "५५ ते ६० किलो" लिहा. पातं "७ किलोला थोडं कमी". पुरुषांच्या गोळाफेकीचा गोळा ७.२६ किलोचा असतो, जवळच्या शाळा-कॉलेजातून एक मागून आणा आणि मुलांना उचलायला द्या. एवढं वजन काठीच्या टोकाला लावून फेकायचं म्हटलं तर काय होतं ते त्यांना आपोआप समजेल.

वाचनवेडा

मत्तयमधल्या कर्जाच्या दाखल्यातले १०,००० तालंतही याच हिशेबाने का? ३४ किलो गुणिले दहा हजार?

अश्दोदकर

नाही, तिथे वजनापेक्षा पैशाचा हिशेब आहे, रोमन काळ. एक तालंत म्हणजे ६,००० दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एक दिवसाची मजुरी. १०,००० तालंत म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी, एका माणसाच्या हातून फिटणारच नाही असं कर्ज. त्याला किलोत बदलून काही हाती लागत नाही.

सराफकट्टा

आणि कुणीही यातलं काही आजच्या चांदीच्या भावाने रुपयात काढू नका. भाव रोज हलतो, आणि तेव्हा चांदीत काय मिळायचं आणि आज काय मिळतं याचा मेळच नाही. वजनापर्यंत ठीक.

नगरची_सुवार्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. तक्ता असा करतेय, काही खटकलं तर सांगा.

वरती मोठ्या अक्षरात "यहूदाचं राज्य, इ.स.पू. ८ वं-७ वं शतक, सापडलेल्या दगडी वजनांवरून". त्याखाली शेकेल साधारण ११.३ ग्रॅम, बेका साधारण ६ ग्रॅम, पीम साधारण ८ ग्रॅम, गेरा अर्धा ग्रॅम आणि शेजारी "पवित्रस्थानाचे २०, बाजाराचे बहुधा २४". माने ५० शेकेलने ५६६ ग्रॅम, यहेज्केलच्या ६० ने ६८० ग्रॅम. किक्कार ३४ किलो, आणि त्याच्यासमोर निर्गम ३८ ची वजाबाकी रिकामी ठेवतेय, ती मुलं भरतील. बाजूला दुसरा छोटा चौकोन, येशूच्या काळातला मंदिराचा शेकेल १४ ग्रॅम. अब्राहाम आणि शलमोनाला पल्ला, यिर्मयाला ठळक आकडा, अबशालोमाला पातळ अक्षर.

गोळ्याचं बघते, आमच्या इथल्या क्रीडाशिक्षकांना विचारलंय, ते रविवारी देतो म्हणालेत.

गणितमास्तर

उत्तम. फक्त बेकासमोर "अर्धा शेकेल" हेही लिहा, नाहीतर कोणीतरी ६ दुणे १२ करून विचारेल.

नगरची_सुवार्ता

लिहिते. आणि एफा, बथ, होमर या धान्या-तेलाच्या मापांचा दुसरा धागा उद्या काढते, तिथे लिटरमधे आणखी मोठा गोंधळ दिसतोय. अश्दोदकर दादा आणि दगडधोंडे, तिकडे पण या.